कायम राहा, पण काम करू नका

आयर्लंडच्या नोकरीची माझी मुलाखत पुण्याच्या एका हॉटेलात झाली. शॅननच्या औद्योगिक वसाहतीत हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या बारीक नळ्या बनवणारा एक कारखाना होता. त्यांना क्वालिटी इंजिनियर हवे होते आणि त्यांच्या देशातले बहुधा संपले होते. मुलाखत घेणारे दोघे लाल गालांचे गृहस्थ इतके सज्जन होते की माझं एखादं उत्तर चुकलं तर तेच ओशाळत. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. मी म्हटलं, हवा कशी असते? दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"जरा ओलसर," एकजण म्हणाला.

माझा दुसरा प्रश्न नवऱ्याबद्दल होता. तो नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवायचा. मी पुण्यात, तो नागपुरात, असा आमचा संसार लग्नापासून रेल्वेच्या वेळापत्रकावर चालला होता. "तेही येऊ शकतील की, काहीच अडचण नाही," ते म्हणाले. आणि खरंच, येण्यात काहीच अडचण नव्हती. आल्यावर तो काय करू शकेल हे आम्ही विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची त्या देशात पद्धत नाही.

नागपुरात मात्र मोठीच अडचण झाली. मुलगा बायकोच्या नोकरीमागे परदेशी चाललाय, हे वाक्य सासूबाईंच्या तोंडून बाहेर पडणं शक्य नव्हतं. त्यांनी नातेवाइकांना सांगितलं, तो रिसर्चसाठी चाललाय. कशावर रिसर्च, असं एका मामांनी विचारलं. "गणितावर," सासूबाई म्हणाल्या. मामांना गणिताची भीती असल्यामुळे चौकशी तिथेच थांबली. नवऱ्याने आधी बिनपगारी रजा घेतली, आणि रिसर्च सुरू झाला. राजीनामा त्याने वर्षभराने तिकडूनच पाठवला.

शॅननला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात पोलीस चौकीत नाव नोंदवायचं होतं. तिकडे पोलिसाला गार्डा म्हणतात. परदेशी लोकांची नोंद करणारा गार्डा पन्नाशीचा, उंच, हळू बोलणारा माणूस होता. त्याने नवऱ्याकडे बघून विचारलं, "काम कुठे करणार आहात?"

"काम मी करणार आहे," मी म्हटलं.

"अच्छा. आणि हे?"

"ते माझ्यावर अवलंबून आहेत."

गार्डाने पेन थांबवलं, नवऱ्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "ग्रँड." तिकडे ग्रँड म्हणजे भव्य वगैरे काही नाही. चहा गार झाला तरी ग्रँड, हाड मोडलं तरी ग्रँड. मग त्याने दोघांच्या पासपोर्टवर शिक्के मारले. माझा शिक्का मी काय करू शकते ते सांगत होता. नवऱ्याचा शिक्का सांगत होता की धारक नोकरी करणार नाही, धंदा करणार नाही आणि कोणताही व्यवसाय करणार नाही, या अटीवर त्याला राहायची परवानगी आहे. घरी परतताना नवऱ्याने तो मजकूर दोनदा वाचला.

"भांडी घासणं व्यवसायात मोडतं का?" त्याने विचारलं.

"नाही," मी लगेच म्हटलं.

अशा रीतीने आमच्या घरातल्या कामांची वाटणी एका दिवसात, एका सरकारी शिक्क्याने झाली. ज्या गोष्टीसाठी भारतात बायका जन्मभर भांडतात ती मला आयरिश सरकारने फुकट करून दिली, म्हणून मी त्यांची आजही ऋणी आहे. पहिल्या हिवाळ्यात नवरा वरण करायला शिकला, पोळ्या लाटायला शिकला, आणि दुपारी साडेचारला अंधार पडला की खिडकीपाशी उभा राहायला शिकला. हे शेवटचं मला बऱ्याच उशिरा कळलं. मी कारखान्यातून यायची तेव्हा तो हसतमुख असायचा आणि घर चकचकीत असायचं. हे बरं लक्षण नाही, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं.

आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहायच्या. त्यांचा नवरा विमानतळावर नोकरीत होता, तो जाऊन काही वर्षं झाली होती. एका रविवारी कुंपणापाशी त्यांनी मला अडवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुझा माणूस दिवसभर घरी असतो. आजारी आहे का गं?"

"नाही हो. त्याला काम करायची परवानगी नाही."

"परवानगी नाही? कोणाची, तुझी?"

मी सरकारचं नाव सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसला नाही. एवढा धडधाकट, शिकलेला माणूस घरी बसवून सरकारचा काय फायदा, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की बायको कडक आहे, आणि दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला आपल्या ताब्यात घेतलं. त्याला बिंगोला, म्हणजे आपल्या हौजीला, नेलं, चर्चच्या कॉयरमध्ये उभं केलं, बागेत बटाटे लावायला लावले. नाताळात हा माणूस तिसऱ्या रांगेत उभा राहून लॅटिनमध्ये गात होता. नागपूरला फोनवर मी सांगितलं, रिसर्च छान चाललाय.

त्या आजीबाईंची नात लीव्हिंग सर्टला बसणार होती. लीव्हिंग सर्ट म्हणजे तिकडची बारावी. पोरांची झोप आणि आईबापांची अक्कल उडवण्यात ती आपल्या बारावीपेक्षा जराही कमी नाही. नातीला गणित येत नव्हतं. आजींनी तिला आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आणून बसवलं. "याला बघ, वेळच वेळ आहे," असं त्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. महिन्याभरात ती मुलगी शाळेत हात वर करायला लागली. मग तिची मैत्रीण आली, मैत्रिणीचा भाऊ आला, आणि वसंत ऋतूपर्यंत मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी आमच्या टेबलाभोवती खुर्च्या पुरेनात. तिकडे शिकवणीला ग्राइंड्स, म्हणजे दळण, म्हणतात. शब्द मला आवडला. नागपूरच्या क्लासवाल्यांनी तो उचलायला हरकत नाही.

आता ज्याला व्यवसायाची बंदी आहे त्याने पैसे घेणं शक्यच नव्हतं. नवऱ्याने सगळ्या आईबापांना स्पष्ट सांगितलं, एक पैसाही घेणार नाही. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून दारात वस्तू ठेवायला सुरुवात केली. अंडी, बटाटे, गाजरं, रूबार्ब नावाच्या आंबट देठांचा मुरंबा. त्या मुरंब्याच्या बरण्या एवढ्या जमल्या की गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातही ठेवाव्या लागल्या. नवऱ्याला एकच काळजी लागून राहिली: मुरंबा हे उत्पन्न धरतात का?

"गार्डालाच विचार," मी चेष्टेने म्हटलं.

त्याने विचारलंच. पुढच्या वर्षी शिक्क्याचं नूतनीकरण करायला आम्ही चौकीत गेलो, तेव्हा गार्डाने नेहमीचा सरकारी प्रश्न विचारला, "तुम्ही काही काम करत नाही ना?"

नवरा म्हणाला, "मी काही मुलांना गणित शिकवतो. पैसे घेत नाही. पण लोक मुरंबा देतात."

गार्डाने पेन खाली ठेवलं. "ते काही मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "मुरंबा कसला?"

"रूबार्बचा."

"मग ती शिक्षाच झाली," असं म्हणून त्याने शिक्का मारला. पासपोर्ट परत देताना तो आणखी हळू आवाजात म्हणाला, "माझी धाकटी मुलगी दोन वर्षांनी लीव्हिंग सर्टला आहे. गुरुवारी जागा आहे का?"

पुढची दोन वर्षं हा सोहळा असाच चालला. कायद्याचा रक्षक काउंटरमागून विचारायचा, काम करत नाही ना, आणि त्याची मुलगी आमच्या टेबलाशी इंटिग्रेशन करायची. नवरा नाही म्हणायचा. गार्डा ग्रँड म्हणायचा. मग सांगायचा की सराव परीक्षेत तिला बी ग्रेड मिळाली.

तिसऱ्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या. मुलगा रिसर्च करतो म्हणजे काय करतो हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी पाहिलं ते असं: सून सकाळी साडेसातला गाडी घेऊन गेली, आणि मुलगा दोरीवर कपडे वाळत घालून पाऊस आला की आत आणतो, पाऊस गेला की बाहेर नेतो. दिवसातून पाच वेळा. संध्याकाळी मी आले तेव्हा त्या सोफ्यावर ताठ बसल्या होत्या.

"काहून बाप्पा," त्या म्हणाल्या, "माह्या पोराले इथं फक्त कपडे वाळवाले आनलं का?"

"आई, त्याला नोकरीची परवानगी नाही. पाच वर्षं झाली की कायम राहायची परवानगी मिळते, मग सगळं सुरळीत होईल."

"मंग पाच वर्सं थो काय करन?"

उत्तर द्यायच्या आत दार वाजलं. गुरुवार होता. एकापाठोपाठ एक उंचच उंच मुलं-मुली आत आली, सासूबाईंना हॅलो म्हणाली, आणि टेबलाभोवती बसली. नवरा फळ्यापाशी उभा राहिला. फळा म्हणजे फ्रिजचं दार, त्यावर पुसता येईल अशा पेनाने लिहायचं. सासूबाई दारात उभ्या राहून तासभर ऐकत होत्या. इंग्रजीतला एक शब्दही कळत नव्हता, पण पोरांचे चेहरे त्यांना कळत होते. मुलं गेल्यावर त्यांनी नागपूरला फोन लावायला सांगितला. "थो इथं क्लास घेते," त्या म्हणाल्या. "पोलिसाचे पोट्टेसुद्धा येते." रिसर्च त्या दिवशी अधिकृतरीत्या संपला. फीबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

मध्येच कधीतरी सरकारला दया आली आणि माझ्यासारख्यांच्या जोडीदारांसाठी परवाना सोपा झाला. अट एवढीच की आधी एखाद्या मालकाने त्याला नोकरी द्यायची आणि मग त्या मालकानेच परवान्याचा अर्ज भरायचा. नवरा उत्साहाने बाहेर पडला. शाळा म्हणाली, तुमची शिक्षक म्हणून इथे नोंदणी नाही. नोंदणीवाले म्हणाले, तुमच्या पदव्या तपासाव्या लागतील, वाट बघा. मग त्याने मान खाली घालून एका हॉटेलात विचारलं. मालकाने अर्ज चाळून बघितला आणि प्रेमाने म्हणाला, "यापेक्षा तुम्ही नुसते मागच्या दाराने येऊन बटाटे सोलले आणि कुणाला बोलला नाहीत, तर नाही का चालणार?" नवरा नाही म्हणाला. पोलिसाच्या मुलीला शिकवणाऱ्या माणसाला एवढा ताठा परवडतो.

तेव्हापासून आमची सगळी भिस्त त्या पाच वर्षांवर होती. पाच वर्षं नोकरी टिकवली की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, मग परवान्याचं झेंगट संपतं, असं सगळे सांगायचे. डब्लिनच्या सॉफ्टवेअरवाल्या मराठी मंडळींकडे गणपतीला गेलं की आरती लवकर उरकायची आणि खरा विषय सुरू व्हायचा: कुणाचा अर्ज कुठे अडकला, फोन कुणी उचलला, उचलणारी बाई होती की मशीन. मुलं आयरिश हेल काढून आयांना सांगायची की कंटाळा आला, घरी चला. आम्ही मोदक खात मोठ्या गंभीरपणे हेलपाट्यांची चर्चा करायचो. स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांनीही इतक्या तपशिलात चर्चा केली नसेल.

पाच वर्षं पुरी झाली आणि आम्ही दोघांनी अर्ज पाठवले. पोच आली. त्यानंतर शांतता. चौकशीचा फोन आठवड्यातून दोनच दिवस, तोही सकाळीच चालायचा. मी कारखान्याच्या जिन्यात उभी राहून नंबर फिरवायची. एकदा चुकून माणसाने उचलला. मी घाईघाईने अर्जाचा नंबर सांगितला.

"तुमचा अर्ज रांगेत आहे," तो म्हणाला.

"रांग किती मोठी आहे?"

"ते मलाही माहीत नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं.

नेमकं त्याच काळात कारखान्यात कुजबुज सुरू झाली की नळ्यांची लाइन पूर्वेकडच्या एका स्वस्त देशात जाणार. माझ्या मॅनेजरने मला बोलावून घेतलं. हा बुटका, गमत्या स्वभावाचा माणूस होता. त्याने दार लावलं आणि म्हणाला, "तुझ्यावर एक महत्त्वाची जबाबदारी सोपवतोय." जबाबदारी अशी की नव्या देशातल्या इंजिनियरांना आमची सगळी तपासणीची पद्धत लिहून द्यायची, आणि ते आले की त्यांना शिकवायची. म्हणजे माझं काम माझ्याशिवाय कसं चालेल ते मीच नीट समजावून सांगायचं.

"आणि मग माझं काय?" मी विचारलं.

"माझंही तेच," तो म्हणाला. "पण मला निदान शिकवायला कुणी लावलेलं नाही."

मी उत्तम शिकवलं. माझी जागा घेणारी मुलगी हुशार होती, निघताना तिने मला रेशमी रुमाल दिला. रात्री मी नवऱ्याला म्हणायची, अर्जाचं उत्तर यायच्या आत नोकरी गेली तर काय? तो म्हणायचा, मग दोघंही कॉयरमध्ये गाऊ. लाइन बंद व्हायला काही आठवडे उरले असताना माझं पत्र आलं. मंजूर. मला आता कुठल्याही परवान्याशिवाय कुठेही काम करता येणार होतं, आणि नेमकं हातातलं काम संपत आलं होतं. तरी आम्ही श्रीखंड केलं. दही बांधून ठेवण्यापासून वेलदोडे कुटण्यापर्यंत सगळं नवऱ्याने केलं. शेजारच्या आजी सफरचंदाचा टार्ट घेऊन आल्या. नवऱ्याने त्याच संध्याकाळी जुना बायोडेटा काढला आणि त्यात कॉयर घालावं की नाही यावर आमचा वाद झाला.

त्याचं पत्र आठवड्याने आलं. मी कामावरून आले तेव्हा ते टेबलावर उघडं पडलं होतं आणि तो समोर बसला होता. मी वाचलं. त्यालाही मंजुरी होती. त्यालाही इथे राहायचं असेल तोवर राहता येणार होतं. फक्त खाली लिहिलं होतं की या परवानगीमुळे त्याची नोकरीच्या परवान्यातून सुटका होत नाही. म्हणजे काम न करण्याची अट उठली नव्हती. ती लांबवली होती.

"अभिनंदन," मी म्हटलं. "तुझी बेकारी पर्मनंट झाली."

एवढ्या वर्षांत माझ्या असल्या बोलण्यावर तो हसला नाही असं कधी झालं नव्हतं. या वेळी हसला नाही.

"विनोद पुरे झाले," तो म्हणाला. "तुला रोज सकाळी कुठेतरी जायचं असतं. मला सहा वर्षांत एकदाही कुठे उशीर झालेला नाही."

मी कोट न काढताच त्याच्यासमोर बसले. बोलण्यासारखं माझ्याकडे जे होतं ते सगळं गमतीचं होतं, आणि गंमत करायची नव्हती. थोड्या वेळाने त्यानेच उठून चहा टाकला.

शिक्का मारायला मात्र जावं लागलं. गार्डाने आधी माझं पत्र वाचलं, ग्रँड म्हणाला. मग नवऱ्याचं वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला.

"म्हणजे तुम्ही इथे म्हातारे होऊ शकता," तो म्हणाला.

"हो."

"पण काम करता करता नाही."

"नाही."

त्याने शिक्का मारला, पण पासपोर्ट हातातच धरून ठेवला. त्याची मुलगी एव्हाना लिमरिकला इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षात होती. तो म्हणाला, त्याची बहीण एनिसला प्रौढांसाठीचं एक शिक्षण केंद्र चालवते. आमच्या कारखान्यातून जी माणसं सुटणार होती त्यांना नवं काही शिकवायला सरकार वर्ग काढणार होतं आणि तिला गणिताला माणूस मिळत नव्हता. "अर्ज भरण्यातच तिचं आयुष्य गेलंय," तो म्हणाला. "अजून एकाने ती मरणार नाही."

ती मेली नाही. परवाना काही आठवड्यांतच आला. कायम राहायच्या परवानगीला जिथे दीड वर्ष लागलं, तिथे तात्पुरत्या कामाच्या परवान्याची अशी घाई पाहून मला कुणाचे आभार मानावेत कळेना. सोमवारी सकाळी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला आणि मी घरी राहिले, कारण आमची लाइन आधल्या शुक्रवारी बंद झाली होती. दुसऱ्याच आठवड्यात तो कुरकुरत आला की मीटिंगा फार असतात आणि कॉपी मशीन कुणी दुरुस्त करत नाही. मला ते ऐकून इतका आनंद झाला की मी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं.

त्याच्या वर्गात सगळी माझीच माणसं होती. पॅकिंगच्या बायका, मशीनवरचे दोघे भाऊ, आणि शेवटच्या बाकावर माझा मॅनेजर. पहिल्या चाचणीत मॅनेजर नापास झाला. त्याचा पेपर बघून मी म्हटलं, थोडे मार्क वाढव, माझा बॉस होता तो. नवऱ्याने पेपर माझ्या हातातून काढून घेतला आणि असले प्रकार आमच्याकडे चालत नाहीत, असं सांगितलं.

ऑक्टोबरात मला त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं. कुणीही माझ्यासाठी अर्ज भरला नाही, कुणी काही विचारलं नाही. मॅनेजर दुसऱ्या चाचणीत पास झाला. माझ्या मते त्याचा पेपर जरा सैल हाताने तपासला होता, पण नवरा ते कबूल करत नाही.